शनिवार-रविवारचं वाचन: आधी कपाटातली फाइल, मग पुस्तक

सांगली-साताऱ्याकडच्या साधारण घरात लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक फुगलेली फाइल असते. तिच्यात दोन-तीन पतसंस्थांच्या ठेवपावत्या, पोस्टाचं पासबुक, विम्याचे बाँड, साखर कारखान्याच्या शेअरचा पिवळा पडलेला दाखला, सोनाराची बिलं आणि कुणीतरी कधी काढून दिलेल्या म्युच्युअल फंडाची एखादी प्रिंट. घरातलं सगळ्यात महागडं वाचनसाहित्य हेच, आणि सगळ्यात कमी वाचलेलंही हेच. म्हणून सुट्टीत पैशावर काय वाचावं, याचा क्रम इथे जरा उलटा लावला आहे. आधी आपलं नाव असलेले कागद, मग आपले पैसे जिथे आहेत त्या संस्थेचा अहवाल, मग एखाद्या कंपनीचा, आणि शेवटी नाटक. नाटक का, ते त्या जागी येईल.

बैठका चार: शनिवारी सकाळ आणि संध्याकाळ, रविवारी सकाळ आणि दुपार. एकेका बैठकीला दीड ते दोन तास. पहिल्याच शनिवारी फाइलमध्ये अख्खा दिवस गेला तर जाऊ द्या, बाकीचं पुढच्या आठवड्यात. सामान: शंभर पानी वही, शिसपेन्सिल, दुकानात वापरतात तसला मोठ्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर नको, कारण हिशेब करता करता बोट व्हॉट्सअॅपवर जातं. भडंगाचा डबाही जरा लांब ठेवा, तेलकट बोटांचे ठसे ठेवपावतीवर कायमचे राहतात.

शनिवार सकाळ: फाइल

सगळे कागद चटईवर पसरा आणि पाच ढीग करा: बँक, पतसंस्था, पोस्ट, विमा, फंड-शेअर. वहीत सहा रकाने आखा: संस्थेचं नाव, रक्कम, व्याजदर, मुदत संपण्याची तारीख, खातं कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण. भरायला घेतल्यावर शेवटचा रकाना सगळ्यात रिकामा राहतो. ज्या पावतीवर नॉमिनीचं नाव नाही तिच्यावर पेन्सिलीनं फुली मारा. सोमवारी करायची पहिली कामं तीच. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, आणि कुणाला किती टक्के हेही लिहिता येतं. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही लक्षात असू द्या. बँक नॉमिनीच्या हाती पैसे देऊन मोकळी होते. त्या पैशावर हक्क कुणाचा, ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो.

नावंही नीट ताडून पाहा. पावतीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर वडिलांचं नाव मधे घुसलेलं, असा घोळ घरोघरी आहे. माणूस हयात असेपर्यंत तो अर्ध्या तासात निस्तरतो. मागे राहिलेल्यांना त्यासाठी प्रतिज्ञापत्रं करत फिरावं लागतं.

आता बँकेचा ढीग आणि पतसंस्थेचा ढीग. हे दोन ढीग वेगळे करण्याचं कारण नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे दोन्हींना सर्रास ‘बँक’च म्हणतात. पावतीवरचं पूर्ण नाव वाचा. ‘सहकारी बँक’ असेल तर ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली, आणि ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण. ‘सहकारी पतसंस्था मर्यादित’ किंवा ‘मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी’ असेल तर पहिलीवर देखरेख राज्याच्या सहकार खात्याची, दुसरीवर केंद्रीय निबंधकाची, आणि त्या ठेव विम्यात दोन्हीही नाहीत. याचा अर्थ पतसंस्था वाईट असा नाही. कित्येक पतसंस्था बँकांपेक्षा काटेकोर चालतात. अर्थ एवढाच की पतसंस्था अडली तर ठरलेल्या मुदतीत पैसे देणारं मागे कुणी उभं नाही, आणि तिथला अर्धा-एक टक्का जादा व्याज हा त्या जोखमीचा मोबदला आहे.

बँकेतल्या ठेवीचा विमा माणशी, बँकेगणिक ५ लाखांचा. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी ती १ लाख होती. इथे चूक हमखास होते: ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. ४ लाख ८० हजारांची ठेव साडेसात टक्क्यांनी वर्षाअखेर ५ लाख १६ हजार होते, म्हणजे वरचे १६ हजार उघड्यावर. एकाच बँकेच्या विश्रामबाग आणि मिरज अशा दोन शाखांत पैसे विभागून काही साधत नाही, शाखांची बेरीज होते. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात मात्र नावांचा क्रम वेगळा असेल तर ते वेगळं धरलं जातं.

पोस्टाच्या ढिगात पीपीएफचं पासबुक असेल तर पैसे भरल्याच्या तारखा पाहा. महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असते तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मिळतं. दीड लाख ४ एप्रिलला भरले आणि ६ एप्रिलला भरले, यात ७.१ टक्के दरानं ८८७ रुपयांचा फरक पडतो. पंधरा वर्षं ६ तारखेला भरणारी माणसं आहेत. आणि आजोबांच्या काळातलं बंद पडलेलं एखादं बँक पासबुक सापडलं तर फेकू नका. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण त्यांवरचा हक्क संपत नाही. ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव घालून शोध घेता येतो. दावा मात्र त्या त्या बँकेतच करायचा.

कारखान्याच्या शेअरबद्दल थोडक्यात: तो शेअर बाजारात विकायचा कागद नव्हे, ते सभासदत्व आहे. हस्तांतराला संचालक मंडळाची मान्यता लागते. वडिलांच्या नावावर असेल तर वारस नोंद झाली आहे का, एवढं तपासून फाइलमध्ये परत ठेवा.

विम्याचा बाँड: पहिलं पान सोडून

विम्याचा बाँड पहिल्या पानापासून वाचू नये. सगळ्यात मागे जोडलेली प्रस्तावअर्जाची प्रत आधी काढा. हा अर्ज बहुतेक वेळा एजंटनं भरलेला असतो आणि आपण फुलीच्या खुणेवर सही केलेली असते. त्यात ‘तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेता का’ असा प्रश्न असतो. आपल्या भागात मिश्री लावणाऱ्या कितीतरी बायका आहेत, आणि ‘ती काय तंबाखू थोडीच’ म्हणून अर्जात ‘नाही’ लिहिलेलं सापडतं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. बीपीची गोळी, जुनं ऑपरेशन, घरातली मधुमेहाची पार्श्वभूमी, या रकान्यांचंही तेच. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला ती खोट्या माहितीच्या कारणावरून आव्हान देता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत काही झालं तर कंपनी पहिल्यांदा हाच अर्ज काढते. चूक सापडली तर लेखी कळवून दुरुस्ती मागा. हप्ता थोडा वाढेल, वाढू दे. पॉलिसी नवी कोरी असेल तर हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परतही करता येते.

मग बचतीच्या पॉलिसीचा खरा परतावा काढा. समजा दर वर्षी ५० हजार, १५ वर्षं भरायचे, आणि पंधराव्या वर्षाअखेर १२ लाख मिळणार. साडेसात लाखांचे बारा लाख, म्हणजे ‘साठ टक्के फायदा’ असं सांगतात. संगणकावरच्या एक्सेलमध्ये एका उभ्या रकान्यात पंधरा वेळा वजा ५०,००० लिहा, सोळाव्या ओळीत १२,००,००० लिहा, आणि खाली आयआरआर हे सूत्र लावा. उत्तर येतं वर्षाला सुमारे ५.७ टक्के. हा दर बरा की वाईट ते ज्यानं त्यानं ठरवावं. पोस्टाच्या दराशेजारी तो वहीत लिहिला की ठरवणं सोपं जातं. हे करताना दोन ठिकाणी गफलत होते. एक, शेवटी मिळणाऱ्या रकमेत अजून जाहीर न झालेला बोनस खात्रीचा धरतात. एजंटच्या छापील तक्त्यात ‘हमी’ आणि ‘हमी नाही’ असे वेगळे रकाने असतात. हिशेब आधी हमीच्या रकान्याचाच करा. दुसरी, कमी परतावा दिसला म्हणून सोमवारी जाऊन पॉलिसी मोडतात. मोडल्यावर मिळणारी रक्कम, हप्ते थांबवून पॉलिसी ‘पेड-अप’ केली तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम, आणि पुढचे सगळे हप्ते भरून मिळणारी रक्कम, हे तिन्ही आकडे शाखेतून लेखी घ्या आणि मगच ठरवा. मुदतीला तीन-चार वर्षं उरली असतील तर पुष्कळदा भरत राहणंच परवडतं.

कृष्णाकाठच्यांनी घराची आणि दुकानाची पॉलिसीही याच बैठकीत वाचावी. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिल्यावर ‘पूर’ हा शब्द पॉलिसीत कुठे आहे हे माहीत असलंच पाहिजे. एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घरविम्यात पूर धरलेला आहे. दुकान-गोदामाच्या जुन्या आगविम्यात मात्र हप्ता कमी व्हावा म्हणून पुराचं कलम वगळलेलं असू शकतं. कर्ज देणाऱ्या बँकेनंच मालाचा विमा परस्पर उतरवला असेल तर त्यावरचा पत्ता पाहा. गोदाम बदललं आणि पॉलिसीवर जुनाच गाळा राहिला, तर दावा तिथेच अडतो. तशीच गत कमी रकमेच्या विम्याची. माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ६ लाखांचं झालं, तर सरासरीच्या नियमानं ३ लाखच मिळतात.

फंडाचं विवरणपत्र

इथे फार वेळ लागत नाही. पॅनवरून सगळ्या म्युच्युअल फंडांचं एकत्र विवरणपत्र ईमेलवर मागवता येतं. त्यात योजनेच्या नावापुढचा एक शब्द शोधा: ‘रेग्युलर’ की ‘डायरेक्ट’. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन खर्चातून दर वर्षी जातं, डायरेक्टमध्ये ते नसतं. महिना ५ हजारांची एसआयपी, २० वर्षं, वर्षाला १२ टक्के धरले तर साधारण ४९ लाख ९६ हजार होतात. ११ टक्के धरले तर ४३ लाख ६८ हजार. एका टक्क्याचे सव्वासहा लाख. बारा टक्के मिळतीलच असं नाही, हे आकडे फक्त फरक दाखवायला आहेत. वितरक वेळेला धावून येतो, पडत्या बाजारात एसआयपी बंद करू देत नाही, तर ते पैसे वाया जात नाहीत. वर्षातून एकदा डायरी द्यायला येत असेल, तर विचार करा.

डायरेक्टमध्ये जायचं तर एका रात्रीत सगळं फिरवू नका. करखात्याच्या दृष्टीनं ती विक्री आणि नवी खरेदी असते. इक्विटी फंडात वर्षाच्या आतल्या युनिट्सवर बहुधा १ टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढल्याबद्दलची कपात) लागतो आणि नफ्यावर २० टक्के कर. वर्षावरच्या युनिट्सना आर्थिक वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त, पुढे साडेबारा टक्के. सोपा मार्ग असा: नवी एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करा, जुनी युनिट्स दर वर्षी करमुक्त मर्यादेत बसतील तेवढीच हलवा.

शनिवार संध्याकाळ: पतसंस्थेचा अहवाल

या चार बैठकांतली सगळ्यात कसदार ही. पतसंस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणून ऑगस्टपासून अहवालाची पुस्तिका घरी येते. मुखपृष्ठावर संस्थापकांचा फोटो आणि ‘ऑडिट वर्ग अ’, आत सभेची सूचना, श्रद्धांजली, संचालकांची पासपोर्ट फोटोंची रांग, गुणवंत पाल्यांचे सत्कार. बहुतेक जण आपल्या गल्लीतल्या मुलाचं नाव शोधतात आणि पुस्तिका रद्दीत जाते. ऑडिट वर्गाला महत्त्व आहे, पण तो संपून गेलेल्या वर्षाचा शेरा आहे, शिवाय लेखापरीक्षकाची नेमणूक सरकारी नामतालिकेतून सर्वसाधारण सभाच करते. तेव्हा ‘अ’ पाहून पुस्तिका मिटू नये.

सरळ ताळेबंदाचं पान काढा. डावीकडे ‘भांडवल व देणी’, उजवीकडे ‘जिंदगी व येणी’. चालू आणि मागील वर्षाचे आकडे शेजारी असतात. वहीत आठच आकडे उतरवायचे: भागभांडवल, राखीव व इतर निधी, ठेवी, येणे कर्ज, त्यातली थकबाकी, बुडीत व संशयित कर्ज निधी, येणे व्याज, आणि नफा. उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. ठेवी ४० कोटी, कर्ज ३१ कोटी, भागभांडवल २ कोटी २० लाख, निधी २ कोटी ६० लाख, ढोबळ एनपीए (थकून अडकलेली कर्जं) २ कोटी ७९ लाख, त्यापोटी तरतूद १ कोटी १० लाख, नफा ४२ लाख.

कर्जाला ठेवींनी भागा: ७७.५ टक्के. हा सीडी रेशो. साधारण ६० ते ८० च्या दरम्यान असला तर ठीक. नव्वदीला पोचला म्हणजे ठेव मोडायला आलेल्याला द्यायला हातात रोकड कमी. पन्नाशीच्या खाली गेला तर उरलेला पैसा कुठे ठेवलाय ते ‘गुंतवणूक’ या सदराखाली वाचा. तिथे बँकांची नावं असतात. सगळा पैसा एकाच नागरी बँकेत असेल तर ती बँक अडचणीत आली की पतसंस्थाही तिच्यामागे अडते, आणि चांगल्या चाललेल्या पतसंस्था अशाच पायी गोत्यात येतात.

आता एनपीए. ढोबळ एनपीए ३१ कोटींवर ९ टक्के. निव्वळ काढायचा तर दोन्हीकडून तरतूद वजा करा: १ कोटी ६९ लाख भागिले २९ कोटी ९० लाख, म्हणजे ५.६५ टक्के. तुलनेसाठी, नागरी सहकारी बँकेला आर्थिकदृष्ट्या सक्षम धरण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या निकषांत निव्वळ एनपीए ३ टक्क्यांच्या आत ही एक अट आहे. पतसंस्थेला ती लागू नाही, पण फूटपट्टी म्हणून वापरायला हरकत नाही. त्यापेक्षा उपयोगी हिशेब दुसराच: हा १ कोटी ६९ लाखांचा खड्डा संस्थेच्या स्वतःच्या ४ कोटी ८० लाखांच्या किती? पस्तीस टक्के. म्हणजे ती सगळी कर्जं बुडाली तरी ठेवीदारांच्या पैशाला हात लागायच्या आधी भरपूर उशी आहे. हाच आकडा ऐंशी-नव्वद टक्के आला, तर मुदत संपेल तशी ठेव काढत जाणं शहाणपणाचं.

मग ‘येणे व्याज’. लोक इथेच फसतात. समजा मागच्या वर्षी ते ९० लाख होतं, यंदा १ कोटी ४० लाख. हातात न आलेलं ५० लाखांचं व्याज वाढलं आणि नफा दाखवलाय ४२ लाख. डावीकडे ‘थकीत व्याज तरतूद’ नावाची ओळ त्याच प्रमाणात वाढली असेल तर चिंता नाही, ते व्याज नफ्यात धरलेलं नाही. ती ओळ नसेल किंवा जागची हलली नसेल, तर तो नफा कागदावरचा आहे आणि १२ टक्के लाभांश ठेवीदारांच्या पैशातून वाटला जातोय. ताळेबंदावर बोट ठेवून या दोन ओळी वाचायला पाच मिनिटं लागतात.

अजून तीन जागा. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडची कर्जं नि त्यांची थकबाकी, ही माहिती अहवालात असते, बहुधा बारीक टायपात. इमारत, फर्निचर आणि ‘डेडस्टॉक’ एका वर्षात एकदम फुगलेत का ते पाहा. आणि सोनेतारण कर्जाचा वाटा पाहा. तारण सोनं असेल तर वसुली सोपी, जामीनकीवरच्या कर्जाची अवघड. सभेत प्रश्न विचारायचा असेल तर सूचनेच्या तळची ‘टीप’ वाचा. प्रश्न ठरावीक दिवस आधी लेखी द्यावा, असं तिथे लिहिलेलं असतं, आणि आयत्या वेळी उठलेल्या सभासदाला त्याच टिपेवर बोट ठेवून खाली बसवतात.

एक गोष्ट वाचायचीही नाही: महिन्याला ५ टक्क्यांची योजना. व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर ते वर्षाला ७९.६ टक्के होतं. एवढं कमावून देणारा धंदा खरा असता, तर त्याच्या मालकाला तुमच्या दोन लाखांची गरज पडली नसती. बिगरनोंदणीच्या ठेव योजना चालवण्यावर २०१९ च्या केंद्रीय कायद्यानंच बंदी आहे. शेअरचा सल्ला देणारा म्हणून कुणी समोर आला तर सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तो स्वतः तपासा. सल्लागाराचा क्रमांक ‘INA’नं सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा ‘INH’नं.

रविवार सकाळ: एक कंपनी, एक अहवाल

सुरुवातीला अशी कंपनी घ्या जिचा माल डोळ्यांनी पाहिलेला आहे. सांगली जिल्ह्यात त्यासाठी लांब जायला नको. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी १९२० ची, आज शेअर बाजारात नोंदलेली, आणि तिचे पंप नदीकाठच्या शिवारात दिसतात. तिचा वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. हा शेअर घ्या असा याचा अर्थ मुळीच नाही. ओळखीच्या मालामुळे अहवालातले शब्द लवकर कळतात, एवढंच.

अध्यक्षांचं मनोगत शेवटी ठेवा. पहिल्यांदा लेखापरीक्षकाचा अहवाल: ‘आमच्या मते’ या परिच्छेदात काही अट किंवा अपवाद नोंदवलाय का? मग रोख प्रवाह पत्रक. मागच्या पाच वर्षांचा निव्वळ नफा बेरीज करा, आणि त्याच पाच वर्षांत व्यवसायातून हातात आलेली रोकड बेरीज करा. दुसरी बेरीज पहिलीच्या आसपास किंवा जास्त असावी. सतत निम्मीच असेल तर माल उधारीवर जातोय किंवा गोदामात पडून आहे. खात्री करायला येणी आणि मालसाठा हे दोन आकडे बघा. पतसंस्थेच्या ‘येणे व्याजा’चाच हा मोठा भाऊ. त्यानंतर संबंधित पक्षांशी (मालकांच्या इतर कंपन्या, नातेवाईक) झालेले व्यवहार आणि संभाव्य देणी, म्हणजे कोर्टकज्जे किंवा हमीमुळे पुढे अंगावर येऊ शकणारी. एवढं झालं की तास-सव्वा तास होतो आणि पुरेसं होतं. घोटाळा होतो तो एककांचा: कुणी आकडे लाखांत छापतं, कुणी कोटींत, कुणी दशलक्षांत. पानाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, ते आधी वहीत उतरवा. आणि एकत्रित (उपकंपन्या धरून केलेला) ताळेबंद घेतला तर पाचही वर्षं एकत्रितच घ्या, मधेच स्वतंत्र नको.

ठेव आणि शेअर यांतला फरक समजायला मात्र आपल्याच दोन जुन्या बँकांचा इतिहास पुरेसा आहे. साताऱ्यात १९३६ साली सुरू झालेली युनायटेड वेस्टर्न बँक सप्टेंबर २००६ मध्ये निर्बंधाखाली आली आणि महिन्याभरात आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांच्या ठेवी नव्या बँकेत जशाच्या तशा गेल्या. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये मिळाले आणि विषय संपला. १९१६ ची सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली, तेव्हा सांगली बँकेच्या ९२५ शेअरना त्या बँकेचे १०० शेअर मिळाले. ते ज्यांनी सांभाळले ते नव्या बँकेच्या नफ्या-तोट्याचे वाटेकरी झाले. ठेवीदार दोन्हीकडे होता तिथेच राहिला, चांगल्या अर्थानंही आणि वाईटही.

रविवार दुपार: नाटक, कोश आणि गाव

आता नाटकाचं कारण. सांगलीपासून जवळच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर. हळद साठवायची पेवं याच गावची, जमिनीत खोल खणलेली. २००५ च्या महापुरानं त्यांचं मोठं नुकसान केलं. गोविंद बल्लाळ देवल याच गावचे, आणि १८९९ साली रंगभूमीवर आलेलं ‘संगीत शारदा’ हे पैशाच्या व्यवहाराचं मराठीतलं अतिशय रोखठोक वाचन आहे. ते जरठ-बाला विवाहावरचं नाटक म्हणून शाळेत शिकवतात. या खेपेला ते वही घेऊन वाचा. प्रत्येक प्रवेशात लिहा: पैसे कुणाचे, कुणाला मिळणार, आणि कधी. भुजंगनाथ खरेदीदार, कांचनभट विकणारा बाप, आणि भद्रेश्वर दीक्षित मधला दलाल, ज्याचा फायदा लग्न जुळण्यातच आहे. मग दीक्षित वराचं वय, तब्येत, संपत्ती कशी वर्णन करतो ते बघा. शब्द बदलले तर गेल्या महिन्यात घरी येऊन गेलेला कुणीतरी आठवेल. आणि तो सौदा शेवटी मोडतो तो उपदेशानं नाही, एका बारीक कलमानं: वर-वधू सगोत्र निघतात. प्रस्तावअर्ज आधी वाचा म्हणतात तो यासाठी. वाचताना पहिल्या खेपेला पदं गाळून गद्य सलग वाचा, दुसऱ्या खेपेला पदांसकट मोठ्यानं. देवल १९१६ साली गेले, स्वामित्वहक्क केव्हाच संपलेत, आणि संहिता कुठल्याही बऱ्या वाचनालयात असते.

सांगलीच्याच रंगभूमीचा दुसरा धडा उत्पन्नाच्या साधनांबद्दल आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ केलं. १८५१ मध्ये आप्पासाहेब वारले, दरबारचा आधार गेला, आणि मंडळींना दौऱ्यावर निघावं लागलं. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. एका आश्रयदात्यावर चालणारा धंदा आणि शंभर गिऱ्हाइकांवर चालणारा धंदा, यातला फरक इतका उघड फार थोड्या ठिकाणी दिसतो. उद्योगाचा आणि संस्कृतीचा सांधा पाहायचा तर जुन्या ‘किर्लोस्कर खबर’चे अंक मिळाले तर चाळा. कारखान्याच्या बातम्यांसाठी १९२० साली निघालेलं ते पत्रक पुढे अख्ख्या महाराष्ट्राचं मासिक झालं.

वाईच्या मराठी विश्वकोशाचा उपयोग वेगळा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि आता सगळे खंड नेटवर मोफत वाचता येतात. ‘सहकार’ आणि ‘विमा’ या नोंदी घ्या, एकेकीला पाऊण तास. संकल्पना कशी सुरू झाली, शब्द कुठून आले, हे तिथे मराठीत स्वच्छ सांगितलंय. व्याजदर, मर्यादा, कायद्याची कलमं मात्र छापली तेव्हाची आहेत, ती वहीत उतरवू नका.

बाहेर पडून वाचायचं असेल तर पाचगणीजवळचं भिलार. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे: घराघरांत, देवळात, शाळेत विषयवार पुस्तकं मांडलेली, पैसे न देता बसून वाचायची. सांगलीहून पहाटे निघालात तर दिवस पदरात पडतो. एका घरात एकच पुस्तक निवडा आणि दुपारपर्यंत जागचे हलू नका, नाहीतर गावभर फिरून फोटोच निघतात. पावसाळ्यात तिकडे धुकं आणि झड असते, आणि ऑगस्ट-सप्टेंबर तर पतसंस्थांच्या अहवालांचे महिने. भिलार दिवाळीनंतर ठेवा, तोवर स्ट्रॉबेरीही यायला लागते.